थ्रेड ७२, कामावर ३६: एका लहान रेंडर फार्मची तपासणी

वाचकाचं पत्र

नमस्कार भाऊ. मी दारव्हा तालुक्यातला (जि. यवतमाळ). नागपूर-यवतमाळच्या बिल्डरांसाठी घरांचे थ्रीडी वॉकथ्रू करतो. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, रेंडर (सीनच्या फ्रेम काढणं) त्यातल्याच सायकल्स इंजिनवर आणि तेही सीपीयूनेच. फ्लॅमेन्को या काम वाटणाऱ्या प्रोग्रामवरून सहा मशीनला फ्रेम वाटतो, चंक साइज १ (एका वेळी एकच फ्रेम). हाच माझा रेंडर फार्म. त्यातली दोन सेकंडहँड वर्कस्टेशन आहेत: प्रत्येकी दोन झिऑन ई५-२६९५ व्ही४ प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, विंडोज १० प्रो. तीन मशीन आय७-१२७०० ची, ३२ जीबी रॅम, विंडोज ११. एक जुनं आय५ आहे, १६ जीबीचं. सीपीयूच्या वापरात झिऑनवाली ५० टक्क्यांच्या वर जातच नाहीत. आय७ रात्री सोडून गेलो की सकाळी २० टक्क्यांवर सापडतात. दुपारी तीच १०० टक्के दाखवतात, पण फ्रेमला दीडपट वेळ घेतात. त्यातलं एक तर प्रत्येक फ्रेमला चार-साडेचार मिनिटं काहीच करत नाही. जुनं आय५ ८ टक्क्यांवर रेंगाळतं. खोली टिनाच्या छताची, कूलर आहे. सातवं मशीन घेऊ का?

उत्तर

भाऊ, तुम्ही सगळ्या मशीनचा एकच आजार धरून चाललात. पत्रातले आकडे मात्र पाच वेगवेगळ्या दुखण्यांचे आहेत. ५० टक्के, २० टक्के आणि ८ टक्के ही वापराची कमी-जास्त पातळी नाही. प्रत्येक आकड्यामागे वेगळं कारण आहे. म्हणून सातव्या मशीनचं तूर्त राहू द्या.

आधी तपासायचं कसं ते बघू. फार्म बंद करा. सीन आणि टेक्स्चर मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर कॉपी करा आणि कमांड लाइनवरून एकच फ्रेम रेंडर करा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. आलेखावर राइट क्लिक करून 'चेंज ग्राफ टू'मधून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा. आता एका सरासरी रेषेऐवजी प्रत्येक थ्रेडचा (कोअरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वेगळा चौकोन दिसेल. कोणते चौकोन भरले, ते फ्रेमच्या कुठल्या टप्प्यावर भरले आणि कोणते रिकामेच राहिले, एवढंच टिपायचं. सोबत ब्लेंडरची काळी खिडकी उघडी ठेवा. 'सिंक्रोनायझिंग' (सीन तयार करणं), मग 'बीव्हीएच' (सीनमधल्या वस्तूंची शोधसूची बांधणं), मग 'सॅम्पल' (प्रत्यक्ष चित्र काढणं) अशा ओळी तिथे क्रमाने येतात. आलेख आणि त्या ओळी शेजारी ठेवून पाहिल्या की निम्मं निदान तिथेच होतं.

त्याच वेळी फाइलमध्ये एक गोष्ट बघून घ्या. रेंडर प्रॉपर्टीजमध्ये परफॉर्मन्सखाली थ्रेड्स 'ऑटो-डिटेक्ट'वर आहे की 'फिक्स्ड'वर? ही सेटिंग सीनसोबत ब्लेंड फाइलमध्येच सेव्ह होते. स्वतःच्या मशीनवर काम करता करता रेंडर चालावा म्हणून कुणी १६ टाकून ठेवलं, की तो आकडा फाइलसोबत सगळ्या फार्मभर फिरतो. ७२ थ्रेडचं मशीनही मग सोळाच चालवतं. 'एमएसकॉन्फिग'च्या बूट टॅबमध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'वर खूण आहे का तेही बघा. "पीसी फास्ट करा" म्हणणाऱ्या व्हिडिओंमध्ये ती खूण करायला सांगतात. विंडोज मुळातच सगळे कोअर वापरतं. त्या खुणेने ते फक्त कमी करता येतात. खूण असेल तर काढा.

आता झिऑन. एका ई५-२६९५ व्ही४ मध्ये १८ कोअर आणि ३६ थ्रेड असतात, म्हणजे दोन मिळून ७२ थ्रेड. विंडोज लॉजिकल प्रोसेसर गटात बांधतं आणि एका गटात ६४ पेक्षा जास्त मावत नाहीत. ७२ झाले की दोन गट पडतात, प्रत्येक सॉकेटचा (चिप बसते त्या खाचेचा) एक, ३६-३६ चे. विंडोज १० मध्ये प्रोग्राम सुरू होताना एकाच गटात बसतो. दुसऱ्या गटात थ्रेड पाठवायची सोय त्या प्रोग्रामने स्वतः केलेली नसेल तर उरलेले ३६ चौकोन शेवटपर्यंत रिकामे राहतात. ५० टक्के हा आकडा तिथूनच येतो. विंडोज ११ आणि सर्व्हर २०२२ पासून प्रोग्रामला मुळातच सगळे गट खुले असतात. पण ई५ व्ही४ ही चिप विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे वाट दुसरीकडूनच काढावी लागेल.

आज रात्रीच काम द्यायचं असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय, बंद करा. ७२ चे ३६ होतात, ३६ हे ६४ च्या आत बसतात, गट एकच राहतो आणि दोन्ही चिपचे सगळे खरे कोअर कामाला लागतात. हायपरथ्रेडिंगचा थोडा फायदा जातो, हे खरं. तरी १८ कोअर त्यासकट चालवण्यापेक्षा ३६ कोअर त्याशिवाय चालवणं कधीही चांगलं. पाच मिनिटांचं काम आहे आणि खर्च शून्य.

थोडा वेळ असेल तर एका मशीनवर दोन वर्कर (मशीनवर फ्लॅमेन्कोचं काम घेणारा प्रोग्राम) चालवा. कमांड प्रॉम्प्टमधल्या 'स्टार्ट' आज्ञेला 'नोड'चा पर्याय असतो; नोड म्हणजे इथे एक सॉकेट आणि त्याची रॅम. पहिला वर्कर नोड ० वर, दुसरा नोड १ वर सुरू करा. दोघांना वेगळं नाव आणि सेटिंगचं वेगळं फोल्डर द्या, नाहीतर फ्लॅमेन्को त्यांना एकच समजेल. असं केलं की प्रत्येक ब्लेंडर आपल्याच सॉकेटला लागलेली रॅम वापरतो आणि पलीकडच्या चिपकडे फेऱ्या मारत बसत नाही. मात्र सीन दोनदा लोड होतो. ६४ जीबीचे ३२-३२ धरा. सीनला ३० लागत असतील तर ही वाट सोडा.

माझं मत विचाराल तर कायमचा उपाय म्हणून या दोन मशीनवर लिनक्स टाका. तिथे ही गटांची भानगड नाही, आणि ब्लेंडर व फ्लॅमेन्को दोन्ही लिनक्सवर चालतात. फक्त विंडोजचा ड्राइव्हचा पत्ता लिनक्सला कळत नाही. तो फ्लॅमेन्कोच्या व्हेरिएबलमध्ये दोन्ही बाजूंनी लिहून द्यावा लागतो. टेक्स्चरचे पत्ते ब्लेंड फाइलमध्ये 'रिलेटिव्ह' करायला विसरू नका, नाहीतर सगळी घरं गुलाबी होऊन येतील.

झिऑनची पेटी उघडलीच तर रॅमच्या पट्ट्याही मोजा. या चिपला प्रत्येकी चार चॅनल असतात आणि प्रत्येक सॉकेटची रॅम वेगळी. सेकंडहँड विकणारे पुष्कळदा सगळ्या पट्ट्या पहिल्या सॉकेटच्या बाजूलाच खोचून देतात. मग दुसऱ्या चिपचा प्रत्येक शब्द पहिलीच्या दारातून येतो. आठ पट्ट्या असतील तर चार-चार, चारच असतील तर दोन-दोन, आणि त्या बोर्डवर खुणावलेल्या रंगाच्या खाचांतच.

आय७ चा २० टक्क्यांचा आकडा तर फारच बोलका आहे. १२७०० मध्ये आठ पी-कोअर (वेगवान) आणि चार ई-कोअर (वीज वाचवणारे) असतात. पी-कोअरचे थ्रेड सोळा, ई-कोअरचे चार, एकूण वीस. विसातले चारच चालले की २० टक्के. म्हणजे रात्री रेंडर फक्त ई-कोअरवर ढकलला जातो. खिडकी मिनिमाइझ केली, प्रोग्राम मागे गेला किंवा त्याची प्रायॉरिटी कमी असली, की विंडोज त्याला बिनमहत्त्वाचं काम समजून वीज वाचवणाऱ्या कोअरवर पाठवतं. लॉजिकल प्रोसेसरच्या आलेखात शेवटचे चार चौकोन भरलेले आणि आधीचे सोळा रिकामे दिसले, तर खात्री समजा.

उपाय सोपे आहेत, पण सगळे करा. सेटिंग्जमध्ये पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' ठेवा. वर्कर सुरू करणाऱ्या बॅच फाइलमध्ये 'लो' किंवा 'बिलो नॉर्मल' प्रायॉरिटी लिहिली असेल तर काढा. टास्क मॅनेजरमध्ये ब्लेंडरच्या नावासमोर हिरवं पान दिसतंय का बघा. दिसलं तर राइट क्लिक करून 'एफिशिअन्सी मोड' बंद करा. हे शेवटचं त्या वेळेपुरतंच टिकतं, ब्लेंडर पुन्हा उघडला की गेलं. कायमचं करायला अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी'च्या 'पॉवरथ्रॉटलिंग'मध्ये ब्लेंडरच्या फाइलचा पूर्ण पत्ता देऊन ते डिसेबल करा. ब्लेंडरचं नवं व्हर्जन नव्या फोल्डरमध्ये टाकलं की हा पत्ता बदलतो आणि ही आज्ञा पुन्हा द्यावी लागते. जाताना वर्करची खिडकी मिनिमाइझ न करता उघडी ठेवलेली बरी.

दुपारचं १०० टक्के मात्र फसवं आहे. टास्क मॅनेजरमध्ये १०० टक्के दिसले म्हणजे कोअर व्यस्त होता एवढंच कळतं, तो किती वेगाने पळत होता ते कळत नाही. त्याच पानावर खाली 'स्पीड' दिसतो, तो सकाळी सहाला आणि दुपारी तीनला लिहून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे 'एचडब्ल्यूइन्फो' हा प्रोग्राम टाका. त्यात प्रत्येक कोअरसमोर 'थर्मल थ्रॉटलिंग'ची ओळ असते. तिथे 'येस' आलं की चिप तापून स्वतःचा वेग कमी करतेय. 'पॉवर लिमिट'समोर 'येस' असेल तर ती उष्णता नाही, बायोसमधली वीजमर्यादा आहे. या दोन गोष्टींत गल्लत केली की नवा फॅन घेऊनही फरक पडत नाही.

आय७-१२७०० ला ६५ वॉटची चिप म्हणतात, पण तिची टर्बोची मर्यादा १८० वॉट आहे. पुष्कळ बोर्ड ती १८० ची मर्यादा कायम खुली ठेवतात आणि चिपच्या डोक्यावर असतो तिच्यासोबत खोक्यात आलेला लहान कूलर. डिसेंबरात निभतं. एप्रिलपासून, आणि नवतप्यात तर नक्कीच, टिनाच्या खोलीतली हवाच ४४-४५ अंशांवर असते. फॅन तीच हवा चिपवर मारतो. बायोसमध्ये दोन्ही पॉवर लिमिट (कायमची आणि टर्बोची) ९० वॉटच्या आसपास बांधा. १८० वॉट मागून तापून धडपडण्यापेक्षा ९० वर सलग चालणारी चिप दुपारी जास्त फ्रेम देते. अर्ध्या विजेत वेग अर्धा होत नाही. शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठीच चिप सगळ्यात जास्त वॉट खाते.

हीट सिंकच्या पात्यांमध्ये बघितलंत का? तुमच्याकडे जिनिंगच्या हंगामात रुई हवेत असते, सोयाबीन काढणीत कुटाराची धूळ. रुई पात्यांवर नमद्यासारखी बसते आणि वरून नुसता फॅन स्वच्छ दिसतो. फॅन काढून ब्लोअरने उलट बाजूने हवा मारा. मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते जोरात फिरून बेअरिंग खराब होतं. दिवाळीनंतर एकदा आणि मार्चअखेर एकदा. थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांत वाळते, ती मार्चमध्येच बदलून घ्या.

खोलीतल्या कूलरचं म्हणाल तर मे महिन्यात, हवा कोरडी असताना, तो कामाचा आहे. फक्त समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो. त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नका. ताट्यांमधून उडणारे थेंब बोअरचे असतील तर त्यातला क्षार बोर्डवर पांढरा थर धरतो आणि दमटपणात तो थर वीज वाहून नेतो. पावसाळ्यात कूलर बंदच ठेवा, त्या हवेत तो थंड करत नाही. हिशोब करायचा तर भर लोडवर झिऑनचं एक मशीन साधारण ३५० वॉट आणि आय७ चं २२० धरा. एकूण १.४ किलोवॉटच्या आसपास उष्णता खोलीत पडते. एक टनाचा एसी ३.५ किलोवॉट बाहेर काढतो. पण टिनाच्या छताचं ऊन त्याच्याच डोक्यावर असल्यामुळे दीड टनाशिवाय घेऊ नका. आधी छताखाली थर्माकोल किंवा पीओपीचं सिलिंग करून घ्या.

व्होल्टेजचा कोअरच्या टक्क्याशी थेट संबंध नाही, पण तुमच्याकडे ते बघावंच लागतं. एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) आपले वॉट पुरे करतो, त्यामुळे व्होल्टेज पडलं की करंट वाढतो. १.४ किलोवॉटला २३० व्होल्टवर ६ अँपिअर, १७० वर आठच्या वर. सगळी मशीन एकाच स्वस्त एक्स्टेन्शनवर असतील तर पहिला जळतो तो त्याचा प्लग. ६०० व्हीएच्या यूपीएसवर झिऑनचं मशीन भर लोडला टाकू नका, लाइन गेली की तो तिथेच बसतो.

चार-साडेचार मिनिटं गप्प बसणाऱ्या आय७ ची केबल बघा. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एक तार तुटली, क्रिंपिंग नीट बसलं नाही किंवा उंदराने कुरतडली, की जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते. इंटरनेट चालतं, फोल्डर उघडतं, कुणाला संशय येत नाही. टेक्स्चरसकट सीन ३ जीबीचा धरला तर गिगाबिटवर तो अर्ध्या मिनिटाच्या आत येतो, १०० वर चार मिनिटांच्या वर लागतात. तुमचा आकडा याला तंतोतंत जुळतो. नेटवर्क अ‍ॅडाप्टरच्या स्टेटसमध्ये स्पीड १.० जीबीपीएस दिसायला हवा. नसेल तर दोन्ही टोकांना नवे कनेक्टर लावा. रेंडरचं फोल्डर विंडोज डिफेंडरच्या एक्सक्लूजनमध्येही टाका, नाहीतर प्रत्येक टेक्स्चर उघडताना त्याची झडती होते.

जुन्या आय५ ची रॅम भरते आणि ते डिस्कवर जगतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९५ च्या पुढे आणि डिस्क १०० वर दिसेल. सीपीयूचं ८ टक्के म्हणजे वाट बघणं. त्याला टॅग देऊन फक्त हलके सीन द्या. वॉकथ्रूतली झाडं शिफ्ट-डीने वाढवली असतील तर ती ऑल्ट-डीने करा. शंभर झाडांची जाळी मग मेमरीत एकदाच राहते. याचा फायदा सहाही मशीनला होतो.

हे सगळं झाल्यावरही सरासरी १०० टक्के दिसणार नाही, आणि त्याने घाबरू नका. समजा झिऑनवर एक फ्रेम ९० सेकंदांची आहे. ३५ सेकंद सीन तयार करण्यात जातात, जवळपास एकाच कोअरवर. ५० सेकंद सॅम्पलिंग, सगळ्या ७२ थ्रेडवर. ५ सेकंद फाइल लिहिण्यात. सरासरी वापर ५६ टक्केच येतो, बिघाड काहीच नसताना. कापूस वेचायला बाया दुप्पट लावल्या तरी संध्याकाळी काटा एकच असेल तर रांग लागतेच, तसं हे आहे. कोअर दुप्पट केले तर ५० चे २५ होतील आणि फ्रेम ६५ सेकंदांवर येईल. त्याउलट ती ३५ सेकंदं ५ वर आणली तर जुन्याच मशीनवर फ्रेम ६० सेकंदांत होते.

आणि ती तुम्हाला आणता येतात. चंक साइज १ म्हणजे प्रत्येक फ्रेमला ब्लेंडर नव्याने उघडतो, सीन नव्याने वाचतो, बीव्हीएच नव्याने बांधतो. वॉकथ्रूमध्ये घर जागचं हलत नाही, फिरतो तो कॅमेरा. रेंडर प्रॉपर्टीजमध्ये परफॉर्मन्सखाली 'पर्सिस्टंट डेटा' चालू करा आणि चंक १० ठेवा. पहिली फ्रेम पूर्वीइतकाच वेळ घेईल, पुढच्या नऊ सीन मेमरीतच ठेवून निघतील. मेमरी थोडी जास्त लागते, म्हणून आय५ ला यातून वगळा. चंक ५० करायचा मोह टाळा. ३०० फ्रेमचे सहाच तुकडे होतील आणि शेवटी सगळे एका मंद मशीनची वाट बघतील.

लाइन जाऊन तुकडा अर्धवट राहिला तर तो पुन्हा पहिल्या फ्रेमपासून सुरू होतो. आउटपुटमध्ये 'ओव्हरराइट'ची खूण काढली की झालेल्या फ्रेम तो सोडून देतो. पण वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धी पडलेली असते आणि तीही 'झालेली' समजली जाते. पुन्हा सुरू करण्याआधी फोल्डर आकारानुसार लावा आणि शून्य केबीच्या किंवा बाकीच्यांपेक्षा फारच लहान असलेल्या फाइल उडवा. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू होण्याचा पर्याय लावा आणि वर्कर स्टार्टअपमध्ये टाका, म्हणजे रात्री उठून जावं लागणार नाही.

काम या क्रमाने घ्या: चंक आणि पर्सिस्टंट डेटा, मग केबल, मग झिऑनचं हायपरथ्रेडिंग, मग आय७ चा पॉवर मोड. एकावेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर तीच फ्रेम त्याच मशीनवर पुन्हा काढून वेळ वहीत लिहा. सातव्या मशीनचे पैसे हातात असतीलच तर त्यातून आधी आय७ च्या चिपवर बसवायला तीन चांगले टॉवर कूलर आणि आय७ ला आणखी ३२-३२ जीबी रॅम घ्या. रॅम घेण्याआधी बोर्डवर डीडीआर४ आहे की डीडीआर५ ते वाचून घ्या, १२७०० ला दोन्ही चालतात पण बोर्डला एकच.